दारावरचा टॉवेल

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी सावेडीच्या घरी दादासाठी पेज ढवळत होते. नर्स म्हणाली, लगेच या. गॅस बंद केला, रिक्षा पकडली, पोचले तर सगळं आटोपलं होतं. दीड महिना झाला आता. लोक म्हणतात, सुटला बिचारा. मला मात्र राग येतो... चार वर्षं याचं सगळं मी केलं, आणि नेमकी शेवटच्या घटकेला मीच नाही. मी जातही नव्हते; पेजेचा हट्ट धरून त्यानंच मला घरी पिटाळलं होतं.

शांतवनदादा, माझा थोरला भाऊ, पंचवीस वर्षं परदेशी प्रवासी जहाजांवर खोल्या आवरायचा. सोनईतल्या आमच्या घराण्यात विहिरीपलीकडे पाणी पाहिलेला हा पहिलाच. सुट्टीवर आला की नाताळच्या जेवणाला आम्हाला जहाजावरच्या नाचगाण्याचं ऐकायचं असे, आणि हा सांगत बसायचा कवायतीचं. धोक्याचा भोंगा वाजला की हजारो माणसं बचावाच्या होड्यांपाशी ठरल्या जागी जमवायची. कुणी बॅगेसाठी मागे फिरतं, कुणी चपला शोधत बसतं, कुणी हसत फोटो काढतं, लिफ्ट बंद झाली की म्हाताऱ्यांना उचलून न्यावं लागतं... ‘होडी सोडनं सोपं हाय, मानूस खोलीतून काढनं अवघड,’ हे तर इतक्यांदा ऐकलं की नात्यातली पोरं त्याच्याआधीच म्हणून टाकायची. त्याच्याकडं एका बोळातल्या खोल्या असत. प्रत्येक खोलीत हाक मारायची, पलंगाखाली बघायचं, बाथरूम बघायचं आणि मगच दाराच्या मुठीला टॉवेल बांधायचा. टॉवेल म्हणजे आत कुणी नाही. शोधायला परत यायचं नाही. रविवारी चर्चला निघतानासुद्धा हा घरातल्या खोल्याखोल्यांत हाक मारून यायचा. मी म्हणायचे, अरे दादा, दोघंच तर आहोत आपण!

चार वर्षांपूर्वी जहाजावर आग लागली आणि हा कायमचा घरी आला, धुरानं छाती जाळून घेऊन. काय झालं ते सांगायलाच त्यानं वर्ष घेतलं. ‘टॉवेल मीच लावलाता, सुवार्ते. हाक मारली, पन बाथरूम बघितलंच न्हाई.’ आत एक म्हातारा होता, कानाचं यंत्र काढून ठेवलेला. खाली जमायच्या जागी त्याची बायको सांगत होती, माझा नवरा आलेला नाही. अधिकाऱ्यांनी वर विचारलं, उत्तर आलं, दाराला टॉवेल आहे, खोली रिकामी आहे. बाई भांबावलीय असं सगळ्यांना वाटलं. एकट्या दादाला तसं वाटलं नाही. नियम मोडून तो धुरात वर गेला आणि म्हाताऱ्याला पाठुंगळी घेऊन आला. आग विझली, होड्या उतरवाव्याच लागल्या नाहीत. म्हाताऱ्याचं दर नाताळला आभाराचं कार्ड यायचं, दादा ते न फोडताच कपाटात टाकायचा. मी चिडून एकदा म्हणाले, वाचवलंस ना त्याला, मग देवाचे आभार मान की! तर म्हणाला, ‘अडकला माझ्यामुळं. वाचला त्याच्या नशिबानं.’ मी भाकरी थापायला उठले.

त्या दिवशी दवाखान्यात धावत पोचले तर त्याच्या खोलीच्या दाराच्या मुठीला टॉवेल बांधलेला. सफाईच्या मावशींनी वाळत घातला असेल, असं वाटून मी संतापानं ओढून काढला आणि आत गेले. टॉवेलचा विचार करायला तेव्हा डोकं कुठं जाग्यावर होतं! संध्याकाळी कागदांवर सही घेताना नर्स चाचरत म्हणाली, ‘तुम्ही गेल्या गेल्या बाबांनीच तो लावायला सांगितला. म्हणाले, बहीण येईल, तिला म्हणावं आत शोधत बसू नको.’

आता चर्चमधल्या बाया म्हणतात, घरातली त्याची खोली मोकळी कर, कपडे गरजूंना देऊन टाक. खरंय त्यांचं. मी थकलेय, आणि खोली झाडायची ती मलाच झाडायची आहे. रोज संध्याकाळी जाते, हाक मारते, पलंगाखाली वाकते, बाथरूम बघते. नियमानं आता टॉवेल दाराला लावायला हवा. दवाखान्यातला तो टॉवेल मी धुऊन, घडी करून त्याच्या उशीवर ठेवलाय.