स्पिरिट वाळेपर्यंत

गोंदियाहून पुण्याची गाडी सुटायला पाचच मिनिटं उरली होती आणि पत्र्याच्या पेटीच्या कडीत माझं बोट चेमटलं. मायनं ते धरलं, तोंडाजवळ नेलं आणि फुंकर घातली. "झालं वं बाई, गेलं आता." लोक बघत होते म्हणून मी लाजून हात ओढून घेतला. गाडी हलली तेव्हा वाटलं, बोट अजून थोडा वेळ तिच्या हातात राहू द्यायला हवं होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "माणसाच्या उपयोगाचं शिकतेस, बस झालं." ते वाक्य घेऊन मी हडपसरच्या होस्टेलवर आले. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी कोणाला तरी "का?" ऐवजी "काऊन?" असं विचारलं आणि सगळं टेबल हसलं. त्या मुली वाईट नव्हत्या, आज त्याच माझ्या मैत्रिणी आहेत. पण तेव्हापासून मी कमी बोलू लागले.

आमच्या स्किल लॅबमध्ये पलंगावर एक रबरी पुतळा निजलेला असतो. त्याला सगळे काका म्हणतात. काकांच्या दंडावर इंजेक्शन नीट देता आलं, तरच बॅचबरोबर वॉर्डात जायला मिळतं. मी दोनदा नापास झाले. सुई बरोबर धरायचे, कोन बरोबर असायचा. पण स्पिरिटचा बोळा फिरवून झाला की माझं तोंड आपोआप पुढे जायचं आणि मी पुसलेल्या जागेवर फुंकर घालायचे.

"अहो, काकांचा दंड आहे तो, बशीतला चहा नाही," आमच्या मॅडम म्हणाल्या. "जंतू पुसलेत ना? मग तोंडातले पुन्हा कशाला पेरताय?"

सगळ्या हसल्या. मलाही कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं. तिसऱ्यांदा चुकले असते तर बॅच वॉर्डात गेली असती आणि मी काकांजवळच राहिले असते. बाबांना काय सांगायचं, याचीच भीती होती.

त्या दिवशी मॅडमनी मला मागे थांबवलं. "फुंकर कोणाची?" त्यांनी विचारलं. मी अडखळत मायचं सांगितलं.

"फुंकर घालताना काही म्हणतात त्या?"

मी ते हळूच म्हणून दाखवलं. त्या हसल्या नाहीत.

"मग तेच म्हणा. स्पिरिट वाळेपर्यंत हात थांबवायचे, तोंड नाही. तुम्ही इतक्या गप्प असता की तो रबराचा माणूसही घाबरेल."

तिसऱ्यांदा मी काकांशी बोलले. आमच्याकडच्या बोलीत, अगदी "वं" लावून. मी पास झाले.

वॉर्डात माझी पहिली पेशंट मांजरी गावची एक आजी होती. मॅडम शेजारी उभ्या. बोळा फिरवून मी थांबले आणि म्हणाले, "झालं वं बाई, गेलं आता."

आजीनं एक डोळा उघडला. "आगं, टोचलं बी न्हाईस अजून, अन् झालं कसं?"

माझ्या आधी मॅडमच हसल्या. त्या हसण्यात सुई कधी गेली, ते आजीला कळलं नाही.

हे सगळं मी मायला फोनवर हौसेनं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे इतके दिवस मी तुह्या हातावर जंतूच फुकत होती का वं?" मी घाईनं विषय बदलला. शिकलेलं सांगताना आपण घरच्यांचं काही काढून घेतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दिवाळीला घरी गेले. भाताचं गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवताना बोटाला चटका बसला. मी शिकल्याप्रमाणे बोट पाण्याखाली धरलं. फोड नव्हता, कातडी नुसती लाल झाली होती. माय धावत आली, तिनं हात घेतला, तोंडाजवळ नेला आणि तिथंच थांबली. ओठ पुढे केलेले, पण श्वास धरून ठेवलेला. माझ्याकडे बघत राहिली, परवानगी मागितल्यासारखी.

पुण्यात मी आता चांगली रुळले आहे. तिथं माझा पलंग आहे, मैत्रिणी आहेत, वॉर्डात नावानं हाक मारणारे पेशंट आहेत. तरी घर कोणतं, असं कोणी विचारलं तर मला ते पुढे येऊन थांबलेले ओठ आठवतात.

मी हात आणखी पुढे केला. "घाल ना वं माय," म्हटलं.

या वेळी मी हात ओढून घेतला नाही.