उंदीर बिळात पोचेपर्यंत

आधी मांडीवर थाप. मग उजवा हात जमिनीला लावून कपाळाला. मग छाती भरून श्वास. एवढं सगळं झाल्याशिवाय तो गोष्टीतला एक शब्द तोंडातून काढत नसे.

तुम्ही त्याला टीव्हीवर पाहिलंही असेल. चढाईला निघताना मध्यरेषेवर वाकणारा, कानात बाळी घातलेला, उंच काटकुळा गडी. नाव मी सांगणार नाही. "नाव पाठीवर छापलेलं असतंय ताई, तेवढं बास झालं," असं तोच म्हणायचा. पण पैसे घेऊन कबड्डी खेळणारा हा माणूस लहान मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं करायचा, हे तुम्हाला ठाऊक नसेल. ती व्हायची माझ्या औरंगपुऱ्यातल्या एका खोलीच्या कचेरीत. गोष्ट त्याची, चित्रं आणि छपाई माझी, आणि ताप खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना.

कारण थाप मारली की तो जागच्या जागी उडी घ्यायचा. जुन्या इमारतीची जमीन ती, सगळं खाली ऐकू जायचं. एकदा खुर्चीत आ वासून पडलेला पेशंट असा दचकला की डॉक्टरांचं बोटच चावलं. डॉक्टर बोट धरून जिना चढून वर आले. "ही कचेरी आहे का तालीम?"

"दात मजबूत आहेत की त्याचे," हा म्हणाला. "कशाला उपटताय? घरी पाठवा त्याला."

डॉक्टर चिडले, मग हसले, मग चहा पिऊन खाली गेले. त्याच्यावर फार वेळ चिडून राहणं कोणाला जमायचं नाही. मला तर नाहीच, आणि मी काही गरीब स्वभावाची बाई नव्हे, हे गल्लीत कोणालाही विचारा.

तो बिडकीनकडचा. घरची शेती होती, तिच्यावर आता कारखान्यांचे रस्ते गेलेत. पण त्याच्या गोष्टींत ते शेत जसंच्या तसं होतं, बांधावरच्या बाभळीसकट. गोष्ट तो लिहून आणायचा नाही. टेबलाभोवती फेऱ्या मारत सांगायचा आणि मी टाइप करायची. त्या फेऱ्यांनी माझं डोकं गरगरायचं.

"अरे, टेक ना कुठंतरी! पायाला भिंगरी बांधलीय का तुझ्या?"

"बसलो की सुचत नाय ताई. आमच्यात बसतो तो बाद झालेला गडी."

माझ्यासमोरच्या खुर्चीवर तो कधीही बसला नाही. त्या खुर्चीवर मी कागदांचे गठ्ठे ठेवू लागले.

आणि पानांचं त्याचं एक वेगळंच तंत्र होतं. एक पान म्हणजे एक दम. चढाईला गेलेल्या खेळाडूनं 'कबड्डी कबड्डी' म्हणत एका दमात जायचं, समोरच्याला शिवायचं आणि दम तुटायच्या आत परत यायचं, तसंच पान. एका श्वासात म्हणून व्हायला पाहिजे. दम तुटला की पान संपलं. त्यामुळे एका पानावर सात ओळी, तर दुसऱ्यावर दीड. मी कपाळाला हात लावायची. "असं पुस्तक दिसतं का रे कुठं?" पण मुलं ती पानं एका श्वासात म्हणताना टोमॅटोसारखी लाल व्हायची, धापा टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मग मी पानं तशीच छापायची.

त्याच्या पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान तुम्हीच म्हणून बघा. मध्ये श्वास घ्यायचा नाही, हां:

'उंदीर निघाला बिळातून, बांधावरून, बाभळीखालून, चिंचेला वळसा घालून, विहिरीच्या काठावरून, बैलाच्या पायांतून, आणि झोपलेल्या मांजरीच्या शेपटीला शिवला, तशी मांजर उठली, तसा उंदीर पळाला, बैलाच्या पायांतून, विहिरीच्या काठावरून, चिंचेला वळसा घालून, बाभळीखालून, बांधावरून, थेट बिळात!'

सगळ्या गोष्टींची जातकुळी हीच. कोणीतरी धाडस करून कशाला तरी शिवायचं आणि घरी परत यायचं. मी एकदा म्हटलं, एखाद्या गोष्टीत परत न येणारा दाखव की, बदल म्हणून. तो फेऱ्या मारता मारता थांबला. "नाय ताई. परत नाय आला तर शिवल्याचा काय उपयोग?" निघतानाही तो नुसतं 'येतो' म्हणायचा नाही. म्हणायचा, "शिवून येतो ताई."

शाळाशाळांतून त्यानं त्या पानाचा खेळच करून टाकला होता. दोन संघ. ज्याचा दम तुटला तो बाद, त्यानं भिंतीशी जाऊन बसायचं. पण त्याच्या संघातलं दुसरं कोणी उंदराला बिळापर्यंत घेऊन गेलं, की बसलेला उठायचा. "आमच्या खेळात मेलेला गडी जिवंत होतो!" असं तो ओरडायचा आणि पोरं किंचाळायची.

मग गेल्या पावसाळ्यात त्याला निमोनिया झाला. साधासुधा नाही, चांगला दवाखान्यात ठेवावं लागलं असा. बाहेर आला तेव्हा कानातली बाळी तेवढी पहिल्यासारखी दिसत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसाला डाग राहिलाय, खेळणं विसरा. तो तडक माझ्याकडे आला. पुस्तक उघडलं, मांडीवर थाप मारली, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि ते पान म्हणू लागला. जाताना ठीक होतं. मांजरीला शिवला. परत फिरला, बैलाच्या पायांतून निघाला आणि विहिरीच्या काठाशी त्याचा श्वास संपला. तो हसायला गेला आणि खोकला.

"दिवाळी झाली की निवड चाचणी हाय," तो म्हणाला. "तवर उंदीर बिळात गेला पाहिजे. नाय गेला तर माझी कबड्डी संपली."

संघाला त्यानं कळवलं होतं की गुडघा दुखावलाय. मला राग आला. खोटं कशाला बोलायचं? तर म्हणाला, "ताई, चढाई करणाऱ्याचा गुडघा गेला तर लोक हळहळतात. दम गेला म्हटलं तर हसतात."

तिथून पुढं माझा जीव टांगणीला लागला. तो सकाळी हर्सूलच्या तलावाकडे पळायला जायचा आणि तसाच घामेजलेला कचेरीत यायचा. थाप, श्वास, पान. मी हातातला ब्रश खाली ठेवायची. तो म्हणत असताना माझाच श्वास अडकायचा आणि काही दिवसांनी लक्षात आलं की जिन्यात कोणीतरी उभं असतं. दातांचे डॉक्टर! तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून हा भला माणूस दाराआड कान देऊन उभा असायचा.

"आज कुठपर्यंत?" ते विचारायचे.

"चिंचेपर्यंत."

"काल पण चिंचच होती."

"काल अलीकडून होती डॉक्टर, आज पलीकडून," हा म्हणायचा.

एकदा बाभळीखालून निसटला. त्या दिवशी डॉक्टरांनी पेढे आणले, स्वतः दातांचे डॉक्टर असून! पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विहीर. नवी गोष्ट कुठली सुचायला! तो नुसता येरझाऱ्या घालायचा, खिडकीशी जायचा, दाराशी जायचा, पाण्याचा घोट घेऊन पेला खिडकीत विसरायचा. मी त्याच्यावर ओरडणं सोडून दिलं होतं. त्यानंही ते ओळखलं. "ओरडा की ताई. तुम्ही ओरडेनात म्हटल्यावर भ्या वाटतंय."

चाचणीला निघाला तेव्हा "शिवून येतो" म्हणाला आणि जिना दोन दोन पायऱ्या टाकत उतरला.

मग फोन बंद. एक आठवडा गेला, दुसरा गेला. डॉक्टर दिवसातून तीनदा वर यायचे, काहीतरी कारण काढून. आणि एका दुपारी तो आला. थाप नाही, काही नाही. त्यानं खुर्चीवरचे गठ्ठे उचलून जमिनीवर ठेवले आणि खुर्चीत बसला.

मी पाण्याचा पेला त्याच्यापुढं सरकवला.

"पहिल्याच चढाईत पंचांनी बोट दाखवलं," तो म्हणाला. "दम तुटला. कोणी धरलं पण नव्हतं ताई. मोकळ्या मैदानात बाद झालो."

मी त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं. "तुमच्या खेळात मेलेला गडी जिवंत होतो ना रे?"

"व्हतो. पण त्याच्यासाठी आपल्यातल्या कोणीतरी शिवून आलं पाहिजे." आणि तो बसूनच राहिला. संध्याकाळ झाली तरी उठेना.

पुढच्या आठवड्यात खुलताबादच्या एका शाळेनं त्याला बोलावलं होतं. आधीच कबूल केलेलं. तो नको म्हणाला. मी म्हटलं, गाडी मी ठरवलीय, मुकाट्यानं बस. शाळेच्या पटांगणात पोरं दोन रांगा करून केव्हाची तयार होती, आणि त्यांना दुसरं काही नकोच होतं. "उंदीर! सर, उंदीर!" नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं मांडीवर थाप मारली. जमिनीला हात लावून कपाळाला लावला. बांध, बाभळ, चिंच, विहीर, बैल. मांजरीला शिवला. पोरांनी टाळ्या पिटल्या. तो परत फिरला आणि चिंचेला वळसा घालताना आवाज एकदम गेला.

बाद झालेला खेळाडू जातो तसा तो मान खाली घालून, सवयीनंच चालत गेला आणि भिंतीशी जाऊन बसला. मला बघवेना.

तेवढ्यात एका रांगेतली दोन वेण्यांची पोरगी पुढं आली. नियम म्हणजे नियम! सर तिच्या बाजूच्या रांगेकडून म्हणत होते, म्हणजे सर तिच्या संघाचे. तिनं फ्रॉकवरून मांडीवर थाप मारली, जमिनीला हात लावला, आणि सुटली. सगळं पान. डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून, बाभळीखालून, बांधावरून, थेट बिळात! रांग नाचायला लागली. पोरगी मात्र धापा टाकत सरळ त्याच्याकडे गेली आणि दरडावून म्हणाली, "उठा की सर! जिवंत झाला तुम्ही!"

तो उठला. उठताना त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मीही पुसलं, लपवायचंय काय त्यात?

त्यानंतर तो कोणत्याही खुर्चीत बसला नाही. माझ्याकडे आला ते टेबलाभोवती फेऱ्या मारतच. "ताई, नव्या पुस्तकात माझा दम तुटल तिथं पान तोडा. खाली जागा सोडा. पुढचं दुसऱ्यानं म्हणायचं." महिन्याभरात पुस्तक झालं. आणि मग उत्तरेतल्या कुठल्याशा क्रीडा वसतिगृहात मुलींना कबड्डी शिकवायचं काम त्यानं घेतलं. इतक्या लांब कशाला, म्हणून मी भांडले. "इथं मैदान दिसलं की पाय थांबत नायत ताई," तो म्हणाला. "तिथं पोरींना तरी परत यायला शिकवीन. शिवून येतो."

त्याला आता बरेच महिने झाले. सुरुवातीला फोन यायचा, मागं मुलींचा कालवा असायचा. आता तोही क्वचित. ज्याच्या एकाही गोष्टीत कोणी बाहेर राहिलं नाही, तो माणूस अजून आलेला नाही. मला करमत नाही, हे त्याला फोनवर सांगितलं तर नुसता हसतो.

परवा दुपारी नव्या आवृत्तीसाठी पहिलं पान तपासत होते. काय वाटलं कोण जाणे, उठले, दार लोटलं आणि या वयात मांडीवर चांगली सणसणीत थाप मारली. उडीही मारली. श्वास भरला आणि निघाले. बांध, बाभळ, चिंच, विहीर, बैल, मांजर. परत फिरले. बैलाच्या पायांतून निघते आहे, तोच खालून धाडकन दार उघडल्याचा आवाज आला आणि डॉक्टर जिन्यातून ओरडले, "आला का हो? आला का तो?"

मी उत्तर दिलं नाही. दम तुटला असता.