थंडीत आखडलेली तार

आई गेल्यावर आबा शहागडच्या घरात एकटेच राहिले. मी जालन्यात शाळेत शिकवते. दीड तासाचा रस्ता. "चला माझ्याकडं" म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या मागं लागले होते. पण हायवेच्या कडेला उभं राहून ज्यांनी आयुष्यभर ट्रकच्या स्प्रिंगचे कमानपाटे बदलले, त्यांना माझ्या तिसऱ्या मजल्यावर काय करमणार? शेवटी मी त्यांच्या मागच्या पडवीत एक कॅमेरा बसवून घेतला. टीव्हीची केबल घरात होतीच. त्याच तारेतून नेट मिळतं, असं केबलवाल्यानं सांगितलं आणि मोडेम लावून दिला.

कॅमेरा आबांना सुरुवातीला आवडला नाही. "मी काय चोर हाये का?" असं दोन दिवस म्हणत राहिले. मग सवय झाली. पहाटे उठले की बाजेवर बसायच्या आधी कॅमेऱ्याकडं बघून हात वर करायचे. इकडं मी पोळ्या लाटता लाटता फोनवर ते बघायचे. आबा उठले, एवढंच मला हवं असायचं.

पहिल्याच हिवाळ्यात नेट त्रास द्यायला लागलं. पौषात गोदावरीवरून धुकं गावात शिरायचं, पत्र्यांवरून दहिवर ठिबकायचं, आणि पहाटे सहाच्या सुमाराला आबांचं नेट जायचं. नऊ-साडेनऊला ऊन चांगलं तापलं की आपोआप परत यायचं. पावसाळ्यात कधी गेलं नाही, उन्हाळ्यात नाही. फक्त थंडीत.

मी आबांना फोनवर विचारलं तर ते हसले. "तुला कळंना का? धातू हाये तो. थंडीत आखडतो. माझ्याकडं पाट्याचं गिऱ्हाईक कव्हा जास्ती यायचं? थंडीत, सकाळी सकाळी. रात्रभर गारठलेला पाटा, एक खड्डा लागला की गेला. तुझी तार बी तशीच. कुठंतरी जॉइंट ढिला आसंल."

मी केबलवाल्याला बोलावलं. तो आला तो दुपारी दोनला. मोडेमवरचे सगळे दिवे हिरवे. "ताई, बिलकुल बराबर चालू आहे," त्यानं तिथूनच मला फोन केला. "बंद असतं तेव्हा सांगा." बंद असायचं तेव्हा तो झोपलेला असायचा आणि मी शाळेच्या घाईत. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. नऊला येतंच की." मीही राहू दिलं. असे दोन हिवाळे गेले.

तिसऱ्या हिवाळ्यातला तो शनिवार. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेसहाला डबा भरताना मी फोन उघडला. कॅमेऱ्याच्या ॲपच्या पहिल्याच पानावर पडवीची छोटी चौकट दिसते. आबा बाजेवर बसलेले, शाल खांद्यावरून घेतलेली, उजवा हात गुडघ्यावर, बाजूला स्टुलावर कप. मी फोन पर्समध्ये टाकला.

प्रार्थना झाली, कवायत झाली. पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. आठच्या पुढं शिक्षकांच्या खोलीत मी पुन्हा फोन काढला. आबा बसलेले होते. हात गुडघ्यावर, कप स्टुलावर. आज निवांत बसलेत, असं मनात आलं आणि बरंही वाटलं. त्या चौकटीवर बोट ठेवलं असतं तर ती मोठी झाली नसती, नुसतं चक्र फिरत राहिलं असतं आणि मला कळलं असतं. पण घंटा झाली. अजून एक गोष्ट होती. अंधारात कॅमेरा काळंपांढरं दाखवतो, उजाडलं की चित्रात रंग येतो. आठ वाजून गेले होते, माझ्या खिडकीत ऊन होतं, आणि आबांची तपकिरी शाल राखाडी दिसत होती. ते मी डोळ्यांनी बघितलं. पण माझ्या लक्षात आलं नाही.

नवाच्या पुढं मी वर्गात असताना फोन थरथरला. आबांच्या शेजारच्या गिरणीवाल्या काकू होत्या. त्या कधी फोन करत नाहीत. मी वर्गाबाहेर आले.

"पोरी, आबा पडलेत. मागं, न्हाणीपशी. जल्दी ये."

मी काय केलं? कानावरचा फोन काढला, चौकट बघितली, आणि पुन्हा कानाला लावला. "न्हाई हो काकू," मी म्हणाले, "आबा तर बाजेवर बसलेत. मी बघतेय ना."

 काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माय, मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेय."

त्यांच्या आवाजामागं कुणीतरी कण्हत होतं. माझ्या फोनवर आबा शांत बसलेले होते. मी त्यांच्यावर बोट ठेवलं. चक्र फिरलं, बराच वेळ फिरलं, आणि एकदम सगळं रंगीत झालं. पडवीत पिवळं ऊन. बाज रिकामी. कप तिथंच. आणि खाली, ओल्या फरशीवर, काकूंचं हिरवं लुगडं आणि त्यांच्या मांडीवर आबांचं पांढरं डोकं. आबांचे डोळे उघडे होते. ते थेट माझ्याकडं बघत होते.

वर्गात पोरं पाढे म्हणत होती, ते मला अजून ऐकू येतं.

सव्वासहाला आबा पाणी काढायला उठले होते. फरशीवर दहिवर होतं, पाय सरकला, खुबा मोडला. नेट त्याच्या मिनिट-दोन मिनिटं आधीच गेलं असणार आणि चौकटीत शेवटचं चित्र तसंच राहिलं. काकू थंडीमुळं गिरणी उशिरा उघडतात. दुधाची पिशवी नऊपर्यंत पुढच्या दाराशी तशीच दिसली म्हणून त्या मागून आत आल्या. तीन तास आबा त्या फरशीवर होते.

जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी शुद्ध नीट आल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. ओठ सुकलेले होते.

"मी हात हालवून राह्यलो व्हतो," ते म्हणाले.

"कुणाला आबा?"

"तुला. पडल्यावर. म्हटलं, बाईनं पाह्यलं आसंल. आता ती गिरणीवालीला फोन लावीन. म्हणून मी वरडलोच न्हाई. उगं कशाला गाव जमा करायचं? मंग थंडी भरली आन् आवाजच निघंना. तरी हात हालवत व्हतो." मग म्हणाले, "तू दिसत न्हाई ना त्याच्यात. म्हणून कळत न्हाई माणसाला."

मी चमच्यानं त्यांच्या ओठांना पाणी लावलं.

पुढच्या आठवड्यात कपडे आणायला मी शहागडला गेले. मुद्दाम पहाटे पोचेन अशी निघाले आणि केबलवाल्याला उठवून घेऊन आले. धुकं होतं. मोडेमवरचा एक दिवा लाल होता. तो मुकाट्यानं गच्चीवर चढला, मीही मागोमाग. खांबापासून घरापर्यंतची तार ताठ ओढलेली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. त्यानं टोकाची पिन उघडून मला दाखवली. आतली तांब्याची तार मागं सरकलेली होती, नखाच्या कडेइतकी. पिनेत पाण्याचा थेंब होता.

"ढील ठेवायला पाहिजे होती, ताई," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "थंडीत तार आखडते. ढील नसली की आतली तार पिनेतून मागं ओढली जाते. ऊन पडलं की परत टेकते. मी दुपारी आल्तो ना, म्हणून…"

त्यानं नवीन पिन लावली, तारेला एक मोठा वळसा दिला. खाली आलो तर दिवा हिरवा. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. त्याला काही बोलायचं मी ठरवून गेले होते.   पण नुसता चहा करून दिला.  कप खाली ठेवताना त्यानं एकदा न्हाणीकडं बघितलं आणि तो गेला.

आबा आता माझ्याकडं असतात. वॉकर घेऊन चालतात, संध्याकाळी वंदनेला विहारात जातात, आमच्या इमारतीच्या लोखंडी जिन्याला नावं ठेवतात. त्या सकाळचा विषय त्यांनी त्यानंतर एकदाच काढला. आम्ही दोघं तूर निवडत बसलो होतो.

"त्या तीन तासांत तू काय करत व्हतीस?"

मी सगळं सांगितलं. डबा, कवायत, घंटा. आणि तुम्ही बसलेले दिसलात म्हणून मी फोन ठेवून दिला, हेही.

"कितींदा पाह्यलंस?"

"दोनदा."

त्यांनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "दोनदा पाह्यलंस ना," म्हणाले, "मंग ठीक हाये."

माझं मात्र ठीक झालेलं नाही. जे कॅमेऱ्यात आलंच नाही, ते मला दिसत नाही. पडलेले आबा, हलणारा हात, यांतलं काही मी बघितलेलं नाही. मला दिसतात ते बाजेवर शांत बसलेले राखाडी आबा. पोळी लाटताना दिसतात, फळ्यावर लिहिताना दिसतात. आतल्या खोलीत आबा खोकत असतात आणि माझ्या डोळ्यांपुढं ते दुसरे, न हलणारे.

थंडी सुरू झाली की मला पहाटे पाचलाच जाग येते. मी उठून आबांच्या खोलीच्या दारात उभी राहते. दिवा लावत नाही. पांघरुणाकडं बघत राहते, ते वरखाली होईपर्यंत. एकदा झालं तरी विश्वास बसत नाही, मग अजून एकदा. परवा फार गारठा होता. मी किती वेळ उभी होते कोण जाणे, पाय बधिर झाले होते.

"हाये मी," आबा डोळे न उघडता म्हणाले. "जाय, चपला घाल पायात. फरशी गार हाये."