सातव्या चौकटीतलं करवंद

समस्त नाशिककरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, या शहरातली एक पूर्णपणे शहाणी बाई दर भाद्रपदात त्र्यंबकच्या बाजूच्या एका पठारावर जाऊन, गुडघे टेकून, गवत मोजत असे. एक काडी, दोन काड्या, तीन काड्या. ही बातमी अद्याप ज्यांच्या कानावर गेलेली नाही, त्यांनी कृपया आधी बसून घ्यावं.

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंना आम्ही तोंडावर 'बाई' म्हणत असू आणि पाठीमागे 'चौकटबाई'. इतर बायकांच्या खांद्याला पर्स असते; बाईंच्या खांद्याला एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लाकडी चौकट असायची. ती घेऊन बसमध्ये चढल्या की कंडक्टर विचारायचा, "बाई, फोटो कुठंय?" बाई शांतपणे सांगायच्या, "डोंगरावर. तिथं जाऊन बसवायचाय."

पठारावर त्यांनी दहा जागा ठरवल्या होत्या. प्रत्येक जागेच्या चार कोपऱ्यांना चार लोखंडी खुंट्या. दर वर्षी नेमकी तिथंच चौकट ठेवायची आणि आत काय उगवलंय ते वहीत लिहायचं. कुसळीचं गवत किती, मारवेलचं किती, दगडावर शेवाळ किती. सातव्या जागेत करवंदाची जाळी होती आणि बाईंचा सगळा जीव त्या जाळीत.

"काट्यांमुळे शेळीचं तोंड आत जात नाही," त्या सांगायच्या, "म्हणून कोवळा मारवेल तिथं तगतो. सावलीला ओल राहते, म्हणून शेवाळ. उद्या करवंद गेलं तर हे दोघं राहतील का? मला एवढंच शोधायचंय."

तिथं शेळ्या चारणारे एक बाबा होते. बाई गुडघ्यांवर दिसल्या की दर वर्षी विचारायचे, "काय हारपलं का वो बाई?"

"हो बाबा. सापडलं की सांगते."

"लय दिस झाले. सोन्याचं व्हतं का?"

"त्याहून बारीक."

आता माझं पाप. मी शेवटच्या वर्षाला असताना ऐन भाद्रपदात बाईंचा पाय मुरगळला. त्यांनी चौकट आणि वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू जाऊन ये. तुझ्यावर विश्वास आहे." माझ्या घरच्यांनीसुद्धा असं विधान कधी केलं नव्हतं. नऊ जागा मी इमानाने मोजल्या. सातवी मुद्दाम शेवटी ठेवली होती. वरून पाऊस, समोर काटे आणि खालच्या टपरीवरून भज्यांचा वास. मी चौकट खुंट्यांपासून दोन हात सरकवली, उघड्या गवतात टाकली आणि दहा मिनिटांत लिहून मोकळा झालो: करवंद नाही, मारवेल नाही, शेवाळ नाही. भजी उत्तम होती.

पुढच्या वर्षी बाई स्वतः गेल्या, तर करवंद हजर. चांगलं कमरेएवढं. खाली मारवेल, दगडावर शेवाळ. त्यांनी मला बोलावून विचारलं, "तू नीट पाहिलं होतंस ना? नव्हतं?"

"नव्हतं, बाई."

बाईंनी पावसावर संशय घेतला, वणव्यावर घेतला, कोयत्यावर घेतला. माझ्यावर घेतला नाही.

या मोजणीवरचा त्यांचा लेख तिथं अडला. नऊ जागा एक सांगत होत्या आणि सातवी एका वर्षापुरतं भलतंच बोलत होती. सहकारी म्हणाले, ते एक वर्ष गाळून टाका. बाई म्हणाल्या, "गाळायला वर्ष म्हणजे काय चहाचा चोथा आहे?" लेख खणात गेला. पुढं बाई निवृत्त झाल्या, मी फरशा आणि कमोडचं दुकान टाकलं आणि दर भाद्रपदात त्यांना माझ्या गाडीतून पठारावर नेऊ लागलो. सातव्या जागेशी आलो की त्या वाकून म्हणायच्या, "त्या वर्षी कुठं गेलं असेल रे हे?" एरवी गिऱ्हाइकाला तासभर हसवणारा मी, तिथं बुटाची नाडी बांधत बसायचो. वीसेक वर्षं मी ती नाडी बांधली.

मग बाईंचे गुडघे थकले. "या वर्षी तूच जाऊन ये," त्या म्हणाल्या आणि पुढचं ते विश्वासाचं वाक्यही म्हणाल्या. वर बाबा भेटले. ते आता काठीवर आले होते. "बाई नाय आल्या? सापडलं का त्यांचं?" मी तडक सातव्या जागेकडे वळलो. खुंट्या शोधल्या, चौकट बरोबर बसवली, करवंदात कोपरापर्यंत हात घातले आणि दुपार कलेपर्यंत मोजत राहिलो.

पंचवटीतल्या त्यांच्या घरी पोचलो तर बाईंनी वहीआधी माझे हात पाहिले. वाटीत हळद कालवली आणि स्वतः एकेका ओरखड्यावर लावू लागल्या. "करवंदात हात घातला की हे होतंच. कुणालाच चुकत नाही."

"बाई," मी म्हणालो, "त्या वर्षी माझ्या हातावर एकही ओरखडा नव्हता."

मग सगळं सांगितलं. भज्यांसकट.

त्यानंतर बाईंनी वहीत त्या वर्षासमोर लिहिलं, 'चौकट दोन हात चुकली.' कुणाची ते लिहिलं नाही. लेख पुरा केला, पाठवला. तो छापून आला तेव्हा बाई नव्हत्या. चौकट माझ्या दुकानात कमोडच्या रांगेवर टांगलेली आहे आणि गिऱ्हाइकं फोटो कुठंय म्हणून विचारतात. भाद्रपद लागला की मी शटर ओढतो आणि वर जातो. मोजून होतं, वही मिटते, तरी सातव्या जागेशी उगाच रेंगाळतो. वाटतं, शेजारी कुणी तरी वाकावं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. आता मला उत्तर येतं.

सगळं सांगितलं त्या दिवशी मात्र मी मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत होतो. एवढी वर्षं वाया घालवली होती त्यांची; शिव्या कमीच पडल्या असत्या. शेवटी हळूच वर पाहिलं. हळदीची बोटं तशीच अधांतरी, डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू घरातून निघून गेलेलं कुणी दारात उभं आहे. आणि बाई बोलून गेल्या,

"अरे, म्हणजे माझं करवंद कुठं गेलंच नव्हतं!"