बेबीताईंची गणपूर्ती

बेबीताई सिनेमाला आल्या की आधी पडद्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. हातातल्या छत्रीचं टोक एकेका डोक्यावर रोखून, ओठ न हलवता, माणसं मोजायच्या. ज्याच्यावर छत्री यायची तो आपोआप ताठ बसायचा. कोपरा धरून बसलेली जोडपी एकमेकांपासून दोन-दोन खुर्च्या लांब सरकायची. एकदा तर सहकुटुंब आलेल्या एका तहसीलदारानं छत्री पाहताच उभं राहून नाव, गाव आणि हुद्दा सांगितला. मोजणी संपली की ताई वरच्या प्रोजेक्टरच्या भोकाकडे हात करून ओरडायच्या, "झाली गणपूर्ती! लावा!" त्या आवाजावर लांब बडनेरा स्टेशनात थांबलेली गाडी सुटायची, असं मी अनेकांना सांगितलेलं आहे आणि बडनेऱ्याच्या एकाही माणसानं ते अजून खोटं पाडलेलं नाही.

सिनेमाला गणपूर्ती कशाला, असं कुणी विचारील. आमच्या थिएटरचा दंडकच तसा होता: दहा तिकिटं गेली नाहीत तर खेळ रद्द. आणि ताईंनी उभी नोकरी अचलपूरकडच्या खेड्यांत ग्रामसेवक म्हणून केलेली. ग्रामसभेला ठरलेली माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला माणसांची अटच नसते, ही गंमत गावातल्या हुशार मंडळींना पक्की पाठ असते. पहिल्या सभेला कुणी फिरकू नये अशी तजवीज करायची, आणि दुसऱ्या खेपेला चौघांनी पान खात गावाचा निकाल लावायचा. ताईंच्या पहिल्याच गावात बायकांच्या विहिरीची जागा अशी चौघांनी पानाच्या एका पिचकारीत हलवली. विहीर गेली कुणाच्या वावरात, हे सांगायची गरज नाही. "जो आला नाई, त्याचं बोट दुसराच वर करते," ताई म्हणायच्या. तेव्हापासून माणसं ओढून आणणं हा त्यांचा धर्म झाला. निवृत्त झाल्या तरी धर्म सुटतो होय!

अमरावतीच्या राजापेठेत माझं चष्म्याचं दुकान. त्याच्या वरच्या खोल्यांत ताई राहायला आल्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्यात कंपनीत. (आता त्या त्याच्याकडेच असतात. मला काळजी वाटते ती पुणेकरांची.) पहिल्याच शुक्रवारी जिना उतरून दुकानात आल्या. मला वाटलं, नंबर काढायचा असेल.

"दुकान बंद करा," त्या म्हणाल्या. "नवं पिक्चर लागलं हाये आन् थेटरात आठच मानसं हाये. तुमी नववे."

"आणि दहावा?"

"हे बसलं ना तुमच्या खुर्चीवर."

खुर्चीवरचं गिऱ्हाईक डोळ्यांत औषध टाकून बसलं होतं. त्याला पुढचे दोन तास स्वतःचा हातही दिसणार नव्हता. मी तसं सांगितलं.

"दिसत नाई तं काय झालं? आइकू येते ना?" म्हणत ताईंनी त्याला दंडाला धरून उठवलं. तो गृहस्थ त्या सिनेमाबद्दल आजही आमच्यापेक्षा जास्त बोलतो.

हळूहळू शुक्रवारची सभा जमली. ताई, मी, मोटारसायकलच्या सीटा शिवणारे अन्सारभाई, आणि मोबाइलवर सिनेमाची समीक्षा टाकणारा मयूर. खेळ सुटला की थिएटरसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं आणि प्रत्येकानं मत द्यायचं. "बरा होता" म्हणायला बंदी. "बरा? तब्येत इचारली का मी तुही?" असं ताई फाडकन म्हणायच्या. अन्सारभाईंची कसोटी धंद्यातली. "जिस पिक्चर में सीट टोचत नाई, वो पिक्चर अच्छा," असं ते कमरेवर हात ठेवून सांगत. मयूरला घाई फार. सगळ्यांच्या आधी आपली समीक्षा पोचावी म्हणून तो मध्यंतरातच ती टाकून मोकळा व्हायचा. ताईंनी एकदा ते पाहिलं आणि मोबाइल काढून सरळ आपल्या पिशवीत टाकला.

"अर्धी सभा आइकून ठराव लिहितं का बे, भैताडा? शिव्या द्याच्या तं दे, पन शेवटपोत बसून दे. बसल्याशिवाय शिवी देनं म्हनजे न जेवता वरन खारट म्हननं."

तेव्हापासून दर शुक्रवारी मयूर आपण होऊन मोबाइल त्या पिशवीत ठेवायचा, देवळाबाहेर चप्पल ठेवावी तसा.

तर मागच्या मे महिन्यातली गोष्ट. अमरावतीचा मे म्हणजे काय, तर रस्ता ओलांडताना चप्पल डांबरात राहते आणि माणूस पलीकडे पोचतो. अशात दुपारी बाराच्या खेळाला एका नवख्या मुलीचा सिनेमा लागला. गोष्ट साधी: बाप मुलीला ट्रॅक्टर शिकवतो. मध्यंतरापर्यंत जत्रा, गाणी, विनोदी मामा, आणि आकाशातून घेतलेली वावरं. मध्यंतरानंतर ट्रॅक्टर काळ्या मातीत रुततो, आणि बापलेक त्याच्यावर बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत. तेवढ्यावरच सिनेमा संपतो. शुक्रवारी ताईंनी कशीबशी गणपूर्ती केली. खेळ सुटल्यावर टपरीवर मयूर म्हणाला, "फर्स्ट हाफ एक नंबर! नंतर मी झोपलो." अन्सारभाई उसळले. "अरे, पहले हाफ में तो सीट ने मेरेको फाड खाया! मागच्यात कमरेला पत्ताच नाई लागला कब खतम हुआ!" दोघांची अशी जुंपली की टपरीवाल्यानं चहात साखर तीनदा घातली.

बाजूला एक मुलगी ओढणीचं टोक पिळत उभी होती. ती पुढं आली. "मी अश्विनी. तो सिनेमा माझा आहे."

अन्सारभाईंनी घाईघाईनं तिला बसायला स्टूल दिलं. ती अकोल्याजवळची, शेतकऱ्याच्या घरची. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून या लायनीत आली, तेव्हापासून वडील तिच्याशी कामापुरतं बोलत. जेवलीस का, येतेस कधी, बस. "बाबा म्हणाले, अकोल्यात लागला तर पाहीन. अकोल्याबाहेर नाही यायचे ते. आणि अकोल्याचे थिएटरवाले म्हणतात, अमरावतीत आठवडा टिकवून दाखवा, मग लावतो." तिनं ताईंकडे पाहिलं. "इथं सगळे तुमचं ऐकतात म्हणे. तुम्ही सांगाल ना लोकांना, सिनेमा चांगला आहे म्हणून?"

"नाई सांगनार," ताई म्हणाल्या. "चांगला नाई हाये थो."

मुलीचा चेहरा उतरला. मी चहाच्या कपात पाहिलं.

"अर्धा चांगला हाये," ताई म्हणाल्या.

"कोणता अर्धा?"

"हेच तं इचारनार हावो मी लोकाईले."

मला वाटलं, ताईंना ऊन लागलं. पण हे नोकरीतलं शहाणपण होतं. टपरीवरून उठता उठता त्यांनी मला समजावलं. "एकमताच्या विषयाले कोनी येत नाई, भाऊ. 'गावात शांतता राहो' असा ठराव ठेवा, कुत्रं फिरकनार नाई सभेले. आन् 'पांदन रस्ता कोनाच्या वावरातून' असा ठेवा, मंग पाहा. खाटेवरचं मानूस खाटेसकट येते."

शनिवारी सकाळपासून ताई राजापेठ पालथी घालू लागल्या. भाजीवाल्या बायका, शिकवणीचे मास्तर, दवाखान्यातले ताटकळलेले पेशंट, सगळ्यांना एकच: "एक पिक्चर लागलं हाये. अर्धं चांगलं हाये, अर्धं पडलं हाये. कोनतं कोनतं ते आमच्यात मिटून नाई राहिलं. येऊन सांगून द्या बरं." पाहा म्हटलं की नाही म्हणणारा माणूस निवाडा करा म्हटलं की पायांत चपला घालतो. मंगळवारपर्यंत राजापेठेत 'पहिलंवाले' आणि 'मागचंवाले' असे दोन पक्ष पडले. माझ्या ओळखीच्या एका घरात सासू पहिलंवाली आणि सून मागचंवाली निघाली. सासरे चार दिवस खानावळीत जेवले. एका ठिकाणी मुलीकडच्यांनी स्थळाला पगार न विचारता आधी अर्धं कोणतं ते विचारलं आणि चुकीचं सांगितलं म्हणून उठून आले. माझ्या दुकानात तर लोक चष्मा घालून विचारायचे, "यातून कोनतं अर्धं दिसते?"

रोज दुपारी बाराला दहा डोकी भरत होती. कधी बारा, कधी पंधरा. आला गुरुवार. आठवड्याचा शेवटचा दिवस. पण राजापेठेतलं भांडण करू शकणारं माणूस एव्हाना भांडून झालं होतं, आणि बाहेर अशी आग की कावळे थिएटरच्या पाणपोईवर रांग लावून उभे. बारा वाजायला आले तेव्हा आम्ही चौघं, अश्विनी, आणि काल न पटल्यामुळे पुन्हा आलेले एक गृहस्थ. मॅनेजर घड्याळाकडे आणि घड्याळ मॅनेजरकडे पाहत होतं.

अश्विनीनं पर्स उघडली. "ताई, उरलेली तिकिटं मीच घेते. एवढाच एक दिवस तर आहे."

मॅनेजर खूश. "मले काय, तिकिटं गेली का झालं!"

"थांब," ताई म्हणाल्या. त्यांनी पर्स मिटून तिच्या हातात दिली. "माह्या बरोबरचे ग्रामसेवक असंच करत. सभा नाई भरली का घरोघरी रजिस्टर फिरवत, सह्या घेत. कागदावर गाव भरलेलं, पारावर कुत्रं. मी नाई केलं, म्हनून माह्यी बदली झाली मेळघाटात. गेली मी मेळघाटात. तुया बापाले तू काय दाखोनार हाये, रिकाम्या खुर्च्याईवर टिकलेलं पिक्चर? खुर्ची पाहते का व पिक्चर, बाई?"

"पण बारा वाजले ना ताई!" अश्विनी रडकुंडीला आली.

"मंग चाल बाहीर. मॅनेजर, घड्याय पुसून ठेवा तवरक."

थिएटरला लागूनच मंगल कार्यालय. दुपारचा मुहूर्त, आत बँड, आणि बाहेर कडुनिंबाच्या बुंध्याशी नवऱ्या मुलाकडचे सहा जण हाताची घडी घालून बसलेले. ताईंनी एका नजरेत ओळखलं की हे रुसलेले आहेत. पन्नास लग्नांत मिटवामिटवी केलेला डोळा तो. फेटे बांधताना आधी मुलीकडच्या मामाला बांधला, एवढ्यावर गोष्ट गेली होती. मुख्य काका लालबुंद झाले होते, अर्धे रागानं, अर्धे उन्हानं.

"कायले उन्हात रुसून राहिले, भाऊ?" ताई म्हणाल्या.

"आमी नाई येत आत! पाय धरले तरी नाई येत!"

"आत या कोन म्हंते? रुसा ना. पन रुसाचंच हाये तं एसीत रुसा. बाजूले थेटर हाये. तुमाले शोधाले अर्धा घंटा जास्त लागन त्याईले. वजन वाढते."

काकांनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. सहाच्या सहा उठले, खिडकीवर आपापली तिकिटं काढली, ताईंकडून दोन अर्ध्यांचा वाद ऐकून घेतला, आणि अंधारात ओळीनं बसून रुसले. मध्यंतरात मुलीचे वडील सरबताचे पेले घेऊन धापा टाकत आले. "व्याहीबुवा, चला, मुहूर्त टळून राहिला! दोन-दोन फेटे बांधतो!"

"थांबा हो," काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "कोनतं अर्धं चांगलं याचा निवाडा लागाचा हाये अजून. बसा तुमी बी."

मुलीचे वडील बसले. ते लग्न गोरज मुहूर्तावर लागलं आणि संसार उत्तम चालला आहे.

पुढच्या शुक्रवारी सिनेमा अकोल्यात लागला. ताईंनी आम्हा तिघांना सकाळच्या एसटीत कोंबलं. मूर्तिजापूर येईपर्यंत अर्धी बस 'मागचंवाली' झाली होती, तीही सिनेमा न पाहता, म्हणून ताईंनी तिला झापलं. अकोल्याच्या थिएटरात मोजायची गरजच नव्हती. भावकी, सोयरे, शाळेच्या बाई, गावच्या गाव लोटलं होतं. खेळ सुटला तसे सगळे अश्विनीभोवती. कुणी शाल घातली, कुणी नारळ दिला. जो तो म्हणे, "लय भारी! लय भारी!" एवढ्या गर्दीत एकही मत नव्हतं.

पांढऱ्या सदऱ्यातले तिचे वडील सगळ्यांत शेवटी बाहेर आले आणि गाड्यांच्या स्टँडपाशी एकटेच उभे राहिले. अश्विनी गर्दीतून त्यांच्याकडे पाहत होती, पाऊल मात्र उचलत नव्हती. ताई तिला हाताला धरून त्यांच्यासमोर घेऊन गेल्या. आम्ही मागोमाग.

"दादा, आले तुमी. आता मत द्या लागते."

"मले काय समजते बाप्पा त्याच्यातलं," ते म्हणाले.

"समजाची अट नाई. हजर पायजे फक्त."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग ताईंकडे नाही, मुलीकडे पाहून म्हणाले, "थो मागचा भाग. टॅक्टर रुतते थो."

"हो, बाबा."

"त्याच्यात थो बाप काईच बोलत नाई."

"वोच तो जान है पिक्चर की!" अन्सारभाईंना राहवलं नाही. अख्खा आठवडा ते त्याच मौनासाठी भांडले होते.

वडिलांनी मान हलवली. "आपला टॅक्टर रुतला त्या दिवशी मी चूप नवतो, बेटा. मी बोलूनच राहिलो होतो. तुह्या कानात वायरी होत्या."

अश्विनीच्या खांद्यावरची शाल घसरून खाली पडली. कुणी उचलली नाही. मयूरनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि ताईंनी त्याच्या दंडाला असा चिमटा घेतला की ते तसंच उघडं राहिलं.

"काय बोलत होते, बाबा?"

"लय बोल्लो होतो."

"मग आता सांगा ना."

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं स्टँडजवळची पायरी झटकली. आधी तिच्यासाठी, मग स्वतःसाठी. दोघं बसली.

"चाला," ताई आम्हाला म्हणाल्या.

"पण ताई," मयूर कळवळला, "ते काय म्हणतात ते ऐकून तरी..."

"हा विषय आपल्या सभेतला नाई, पोट्ट्या. चाल." आणि आम्हा तिघांना शेळ्यांसारखं पुढं घालून त्या भर उन्हात बसस्टँडकडे निघाल्या.