तीन मिनिटांची गाय

माझं प्रास्ताविक लांबतं, हा आरोप मला मान्य नाही.

उदगीरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि तेवढीच वर्षं गावातल्या कार्यक्रमांची प्रास्ताविकं केली. वाचनालयाचं उद्घाटन असो, कुणाचा निरोप समारंभ असो की कुणाच्या नातवाचं बारसं, माईक आधी माझ्याकडे येई. (तो पुढे दुसऱ्या कुणाकडे जाई का, असं काही खवचट लोक विचारतात. जाई. जेवणाच्या आधी नक्की जाई.) त्यामुळे आमच्या शिवकन्येच्या सत्काराचं प्रास्ताविक कोण करणार, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

शिवकन्या आमची एकुलती एक लेक. लातूरला शेतीच्या कॉलेजात शिकते. कॉलेजनं तिच्यासह बारा जणांना दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर नेदरलँडला नेलं, तिथले गोठे बघायला. मी कडाडून विरोध केला होता. देवणी गाय जिथली, ते देवणी आमच्या उशाला. साऱ्या मुलखानं गाय बघायला आमच्याकडे यावं आणि आमच्या पोरीनं उलट्या दिशेनं विमानात बसावं? हा युक्तिवाद मी घरात तीन दिवस मांडला, रोज नव्या मुद्द्यांसह.

खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. पोरीची लातूरची एसटी वीस मिनिटं लांबली तरी स्टँडवर जाऊन उभा राहणारा माणूस मी. पण भीती वाटते असं बाप सांगत नाही, तो तत्त्व सांगतो! मी संमतीपत्रावर सही केली नाही. ती माझ्या बायकोनं, सुनंदानं, भाकरी थापता थापता केली. कागदाला पीठ लागलं ते लागलंच. हैदराबादच्या विमानतळावर सोडायला मी गेलो नाही आणि दहा दिवस पोरीशी फोनवर एक शब्द बोललो नाही. (सुनंदा तिच्याशी बोलत असताना मी जवळचंच कपाट आवरायचो. दहा दिवसांत ते दहा वेळा आवरून झालं.)

पोरगी परत आली. उंबऱ्यातून आत येऊन पाया पडली, तेव्हाच मला कळलं की मी चुकलो होतो. तसं सांगायला हवं होतं. पण नुसतं सांगायचं कसं? हातात माईक नाही, समोर श्रोते नाहीत, गळ्यात उपरणं नाही! म्हणून गल्लीतल्या मंडळींनी सत्काराचा विषय काढल्यावर मी तो उचलून धरला. चार लोकांत, व्यासपीठावरून, प्रास्ताविकाच्या शेवटी मी चूक कबूल करणार होतो. ते वाक्य आठ दिवस घोटून तयार केलं होतं.

शिवकन्येनं एकच अट घातली. पत्रिका ती करणार आणि कार्यक्रमही तीच चालवणार. मी मोठ्या मनानं होकार दिला. मग पत्रिका हातात आली. तिच्यावर लिहिलं होतं, वेळ सकाळी अकरा ते अकरा चाळीस.

कार्यक्रम सुरू व्हायची वेळ छापतात, ती कुणी मनावर घेत नाही, हे सगळं रीतीला धरून आहे. पण संपायची वेळ? माझ्या थोरल्या मेव्हण्यांचा निलंग्याहून लगेच फोन आला.

"दाजी, बोलावून राहिले का हाकलून राहिले?"

मी पोरीला समजावलं की आपल्याकडे निव्वळ हारतुऱ्यांना चाळीस मिनिटं लागतात. तिनं शांतपणे पिशवीतून एक प्लास्टिकची गाय काढली. मूठभर आकाराची, काळी-पांढरी. पोटाला पीळ देऊन मिनिटं लावायची. वेळ संपली की गाय हंबरते. तिकडे दूधवाल्या शेतकऱ्यांच्या सभेत असली गाय टेबलावर असते म्हणे. बोलणारा कितीही मोठा असो, तीन मिनिटं. तिथली दोनशे गाईंची मालकीण असो की कालचा विद्यार्थी, तीनच.

"परदेशात जाऊन हे शिकलीस?" मी विचारलं.

"हाव अप्पा. हेच शिकायला लई अवघड गेलं."

मला वाटलं, हा नियम इतरांसाठी असेल.

समाजमंदिरात अकराला सभा सुरू झाली. (अकराला म्हणजे अकराला. मंडपवाला अजून खुर्च्या पुसत होता.) आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष शाल सावरत धापा टाकत आले. शिवकन्येनं माझं नाव पुकारलं, गाईला पीळ दिला आणि ती माईकच्या शेजारी ठेवली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. गाईकडे.

मी सुरुवात केली. व्यासपीठावर विराजमान सन्माननीय अध्यक्ष महोदय, उपाध्यक्ष, माजी अध्यक्ष, पहिल्या रांगेतले माजी विद्यार्थी, त्यांचे वडील, जे माझेही विद्यार्थी, मातृशक्ती, तरुण मित्र. त्यानंतर उदगीरचा किल्ला. किल्ल्यानंतर देवणी गाय, कारण तिच्याशिवाय माझं कोणतंही प्रास्ताविक पूर्ण होत नाही. गाईचं वशिंड आणि तिची गळ्याखालची लांब लोंबती पोळी यांचं वर्णन करून मी आता लेकीकडे वळणार, एवढ्यात माझ्या कोपराजवळ हंबरडा फुटला.

मग तिसऱ्या रांगेतून धोंडिबा काका, ज्यांनी उभा जन्म गुरं राखण्यात घालवला, सावकाश म्हणाले, "ही देवणी न्हाई."

त्या हशात कुणीही बसलं असतं. मी बसलो नाही. एकतीस वर्षं या गावात बोललेल्या माणसाला परदेशी गाय गप्प करणार? मी आवाज चढवला. पोरीनं माईक बंद केला. मी माईकशिवाय बोलू लागलो. वर्गात पंख्याच्या घरघरीवर मात केलेला गळा आहे हा! तिनं गाईला पुन्हा थोडा पीळ दिला आणि गाय पुन्हा हंबरली. मी "तर मित्रहो" म्हणालो, गाय हंबरली. मी "सांगायचा मुद्दा असा" म्हणालो, गाय हंबरली. शेवटी धोंडिबा काकाच उठले.

"सर, ती बी दमून राहिली. बसा."

मी बसलो. वाक्य घशातच राहिलं. लेकीचं नावसुद्धा घेऊन झालं नव्हतं.

पुढचं सगळं भराभर झालं. अध्यक्षांच्या खिशात घडी केलेले सहा कागद मी स्वतः पाहिले होते. ते त्यांनी बाहेरच काढले नाहीत. गाईकडे तिरक्या नजरेनं बघत दोन मिनिटांत त्यांनी भाषण आटोपलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना टाळ्या मनापासून पडल्या. मग शिवकन्या उभी राहिली. तिकडच्या सभेत तिलाही तीन मिनिटं मिळाली होती. तिथे ती देवणीवर बोलली होती. उन्हात कशी टिकते, कमी चाऱ्यात कशी भागवते, वशिंड कसं, पोळी कशी. लोक टिपून घेत होते म्हणे.

"हे सगळं मला अप्पांनी शिकवलं," ती म्हणाली. "फक्त त्यांच्याकडून वीस वर्षं ऐकलेलं तीन मिनिटांत बसवताना माझा जीव गेला."

ती बसली तेव्हा गाय हंबरायची बाकी होती. अकरा अडतीसला राष्ट्रगीत झालं. निलंग्याचे मेव्हणे सव्वाबाराला हार घेऊन पोहोचले, तेव्हा मंडपवाला खुर्च्या टेम्पोत भरत होता. त्यांनी हार त्याच्याच गळ्यात घातला.

घरी आल्यावरही मी गळ्यातलं उपरणं काढलं नाही. सुनंदानं चहा पुढे केला.

"काय सांगायचं राहिलं एवढं? इथं सांगा की. दोघी ऐकून राहिलो."

मी उठलो, उपरणं नीट केलं. "आज या घरी उपस्थित," अशी सुरुवात केली तोच शिवकन्येनं पिशवीतून गाय काढली, पीळ दिला आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली. ती टिकटिकू लागली. माझ्या डोक्यातला किल्ला गेला, देवणी गेली, आठ दिवस घोटलेलं वाक्यही गेलं.

"मी चुकलो, पोरी. तू गेलीस ते लई चांगलं केलंस. मला भ्या वाटत होतं."

पोरीनं माझा हात धरला, तो सोडलाच नाही. माझे डोळे भरून आले. ते मी लपवले नाहीत. एकतीस वर्षांतलं माझं हे सगळ्यात छोटं भाषण, आणि कुणी जांभई दिली नाही असं पहिलंच.

गाय मात्र टिकटिकतच होती. बराच वेळ शिल्लक होता आणि आम्ही तिघं तिच्याकडे बघत बसलो होतो. एवढा वेळ वाया कसा घालवायचा? मी आभारप्रदर्शनाला उभा राहिलो. सर्वप्रथम सुनंदाचे आभार मानले, जिनं पिठाच्या हातानं सही केली. मग कॉलेजचे, विमान चालवणाऱ्याचे, धोंडिबा काकांचे. मंडपवाल्यापर्यंत आलो होतो आणि गाय हंबरली.

तीन मिनिटं मुळातच अपुरी आहेत, हे मी आजही म्हणतो.