काठीवरचा कॅमेरा

“पायानं चालायचं, शेट, पन पोटानं थांबायचं.” त्याच्या शूटिंगचं कुणी कौतुक केलं की स्वतःच्या पोटावर थाप मारून तो एवढंच म्हणायचा. व्हिडिओ कॅसेटच्या त्या वर्षांत कर्जत-खालापूरकडे एखादं लग्न जेवला असाल, तर तुम्ही त्याला पाहिलंच असेल. ठेंगणा, सावळा, पांढरा शर्ट आणि कमरेला गुंडाळलेला हिरवा कापडी पट्टा.

मी त्याच्यावर जळत होतो. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. कर्जतला माझा स्टुडिओ होता, त्याला काचेचं दार होतं, आत धबधबा रंगवलेला पडदा होता. आमच्या भागात लग्नाला पहिला व्हिडिओ कॅमेरा मी आणला. हा चौक गावचा, माझ्यानंतर वर्षभराने आला, तोही कुणाचा तरी जुना कॅमेरा घेऊन. आणि लोक त्याच्याकडे जायला लागले, कारण त्याचं चित्र हलत नसे.

माझं हलायचं. माझ्या कॅसेटमधला नवरदेव मंडपात होडीतून आल्यासारखा यायचा. एका वरबापाने तर कॅसेट परत आणून टेबलावर ठेवली. म्हणाला, “आमच्या म्हातारीला मलमललं वो.”

मग मी उपाय शोधायला लागलो. आधी तिपाई स्टँड घेतला. चित्र थांबलं, पण वरात काही स्टँडसमोर थांबेना. चौकटीत नुसत्या पाठी यायच्या. मग मुंबईहून खांद्यावर चढवायचा लोखंडी सांगाडा आणला. तो घालून मी श्वास घेतला की नवरी वर जायची, सोडला की खाली.

तो मात्र एकटा फिरायचा. दिवा मंडपाच्या खांबाला बांधायचा, रेकॉर्डर पाठीला लावायचा आणि चालू पडायचा. जोडीला माणूस का घेत नाही, असं विचारलं तर म्हणायचा, “दोन पोटं कोन सांभालनार?”

एकदा तो स्टुडिओत आला. खुंटीवरचा सांगाडा त्याने हातात घेऊन पाहिला. मला वाटलं, हसेल. हसला नाही, हे मला जास्त लागलं.

“शेट, वजन खांद्याव नको, कंबरंव घ्या. मी बांधून देतो तुमाला.”

“आम्हाला गावठी जमत नाही,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

त्याच उन्हाळ्यात खालापूरला माझ्या मामाच्या मुलीचं लग्न निघालं. मामा स्वतः सांगायला आला. “रागावू नको रं. तू घरचा मानूस, मिरव, पोटभर जेव. शूटिंग मी त्या चौकवाल्याला दिलंय.” सख्ख्या मामाने! आमच्या घरात त्या दिवशी मी कुणाशी धड बोललो नाही.

तरी लग्नाला गेलो, आणि कॅमेरा घेऊन गेलो. हौस म्हणून आणलाय, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला त्याची युक्ती चोरायची होती. नवरा-नवरी राहिली बाजूला, मी त्याच्याच मागे मागे फिरलो. त्याची कंबर घेतली, गुडघे घेतले, पावलं घेतली.

युक्ती साधी होती. दीड हात बांबू, वरच्या टोकाला चौकच्या गॅरेजात करून घेतलेली पत्र्याची बैठक, तिच्यावर कॅमेरा. खालचं टोक त्या हिरव्या पट्ट्यात खोचलेलं. गावच्या जत्रेत देवाची काठी नाचवतात ना, तशी. तीनचार माणसांएवढी उंच काठी कमरेला बांधलेल्या फेट्यात रोवायची आणि हात न लावता नाचायचं. हा वयात आल्यापासून काठी नाचवत होता.

मी घरी ती कॅसेट दहादा पाहिली. मोजून बांबू कापला, पट्टा तर चामड्याचा शिवून घेतला. तरी चित्र हललंच. काठी मी आयुष्यात कधी धरली नव्हती. त्याला जाऊन विचारायला हवं होतं, पण माझी जीभ रेटेना.

दोन वर्षांनी त्याला कावीळ झाली. खोपोलीच्या दवाखान्यात होता, असं कळलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो आणि तो गेला. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो येत्या लग्नसराईचा. मग दिवसभर जेवण गेलं नाही.

वर्षश्राद्धाच्या आधी त्याची बायको स्टुडिओत आली. “भावजी, यांचं चालतं-बोलतं कायतरी हाय का तुमच्याकडं? गावातल्या समद्यांची लग्नं यांनी काढली, आन् हे कंच्याच कॅसेटीत नाय.”

मी ती कॅसेट काढली. लावताना लाज वाटत होती. पडद्यावर नुसती कंबर, गुडघे, पावलं. ती पुढे सरकली आणि तिने टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं.

“ही माज्या लुगड्याची पट्टी. मीच फाडून दिलेली.”

शेवटी तो वळला. मी काय करतोय, ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तोंडभर हसून म्हणाला, “घ्या शेट, कंबरच घ्या. त्वांडात काय नाय!”

ती हसली, मग पदर डोळ्यांना लावला. “परत लावा,” म्हणाली. मी परत लावली. या वेळी ती बराच वेळ निरखून पाहत राहिली.

“यांचं पोट कंदी हालत नवतं. हितं का वो हालतंय?”

“ते नाही हलत, वहिनी,” मी म्हणालो. “मी हलतोय.”